विश्लेषण : व्हिडिओ पोहोचला, शिक्षण पोहोचले का? तांड्यावरच्या विद्यार्थ्यासाठी ई-लर्निंग कसे आखावे?

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, ‘बंजारा काशी’ म्हणून ओळखले जाणारे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि गावाचे नाव देशभर गेले. या परिसरातल्या तांड्यांवरून महाविद्यालयात जाणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात त्यांच्याआधी कोणी पदवी घेतलेली नाही. त्यांच्या पदवीचा बराचसा भाग आता मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण होऊ शकतो. नियमांनी तशी मुभा दिली आहे. पण पडद्यावर दिसणारे व्याख्यान डोक्यात उतरते का, कधी उतरते, आणि ते उतरावे म्हणून महाविद्यालयांनी काय करायला हवे? यावर देशात आणि जगात झालेले संशोधन काय सांगते, ते पाहू.

नियम नेमके काय सांगतात?

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. देशातल्या नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम त्यावर मोफत शिकता येतात. प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमानुसार एखाद्या शिक्षणक्रमातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा एका सत्रासाठी ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. ऑनलाइन मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तेथे जमा होतात आणि पदवीत धरता येतात.

याचा फायदा खरा आहे. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयात एखाद्या विषयाला शिक्षकच नसेल, तर विद्यार्थी आयआयटीतल्या प्राध्यापकाकडून तो विषय शिकू शकतो. मात्र त्यासाठी विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो. श्रेयांक हवे असतील तर केंद्रावर जाऊन परीक्षाही द्यावी लागते. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो. म्हणजे नुसते व्हिडिओ पाहून काहीच हाती लागत नाही.

नोंदणी आणि शिकणे यांत अंतर किती?

बरेच मोठे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी संस्थांनी ‘एडएक्स’वर चालवलेल्या खुल्या अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी जस्टिन राइश आणि होझे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी तपासली. ती २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.१३ टक्के होते. सहा वर्षांच्या अनुभवानंतरही त्यात सुधारणा झालेली नव्हती.

हा आकडा जपून वाचायला हवा. मोफत अभ्यासक्रमाला अनेक जण सहज चाळून पाहण्यासाठी नाव घालतात. पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरलेल्यांमध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण त्याच वर्षी ४६ टक्के होते. त्यामुळे ३ टक्के म्हणजे ई-लर्निंग फसले, असे म्हणता येत नाही. मात्र हौसेने शिकणाऱ्याने अर्ध्यावर सोडले तर त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्या पदवीचे श्रेयांक त्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहेत, त्याचे वर्ष मात्र अडकते. ज्याला घरात विचारायला कोणी नाही, त्याच्यासाठी हा धोका सर्वांत मोठा.

मग ऑनलाइन शिक्षण वर्गापेक्षा दुय्यम आहे का?

संशोधनाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण ते अटीसह येते. शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडले होते की माध्यम हे माल वाहून आणणाऱ्या गाडीसारखे असते. किराणा कोणत्या गाडीतून आला यावर घरातल्या माणसांचे पोषण ठरत नाही, पिशवीत काय आहे यावर ठरते. तसेच विद्यार्थी शिकतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे. या मतावर पुढे बराच वाद झाला. पण ‘टॅब वाटले म्हणजे शिक्षण सुधारले’ या समजुतीला त्याने धक्का दिला.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी सरासरीने किंचित सरस दिसली. वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घातलेल्या मिश्र पद्धतीचा फायदा त्याहून जास्त होता. मात्र अहवालाने लगेच सावधही केले : मिश्र पद्धतीत विद्यार्थ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते. म्हणून श्रेय संगणकालाच देऊन चालणार नाही.

करोनाकाळाचा अनुभव मात्र कडू होता. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा झूम किंवा गुगल मीटवर गेला. त्याच महिन्यात चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी एका लेखात इशारा दिला होता की हे संकटकाळातले दूरस्थ अध्यापन आहे. आधीपासून विचार करून आखलेल्या ऑनलाइन शिक्षणाशी त्याची गल्लत करू नये. आपल्याकडे अनेकांच्या मनात ई-लर्निंगची प्रतिमा त्या दोन वर्षांतूनच तयार झाली. घाईत जे झाले त्यावरून आखून केलेल्या शिक्षणाची परीक्षा करणे बरोबर ठरणार नाही.

महाराष्ट्राकडे स्वतःचा पुरावा आहे का?

आहे, आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकल्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न पुण्याला कळवायचे, अशी रीत होती. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ यांच्या नेतृत्वाखाली या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतामंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. त्यातल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. जिथे मंडळे होती तिथे लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. जिथे मंडळे नव्हती तिथे, रेडिओ असूनही, ती नगण्य राहिली. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. आवाज सगळीकडे एकच जात होता. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या चर्चेमुळे आणि आपल्या प्रश्नाला उत्तर येते या विश्वासामुळे.

दुसरे उदाहरण १९८९ चे. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. नंतर ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीत ‘स्वयं-अध्ययन’ पुस्तके तयार केली. शिक्षक समोर नाही असे धरून ही पुस्तके लिहायची असतात : सुरुवातीला उद्दिष्टे, छोटे घटक, मध्येच स्वतःला तपासण्याचे प्रश्न. जोडीला अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे. आज ज्याला ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणतात, ते काम मराठीत कागदावर तेव्हापासून होत आले आहे.

शिक्षणाची आखणी म्हणजे नेमके काय?

सर्वसाधारण पद्धत अशी असते : अभ्यासक्रम हाती घ्या, धडे पाडा, व्याख्याने द्या, शेवटी परीक्षा घ्या. आखणी उलट्या टोकाने सुरू होते. हा घटक संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे आधी ठरवायचे. ते त्याला येते की नाही हे कसे ओळखणार, ते दुसरे. त्यासाठी त्याने काय काय करून पाहायला हवे, हे तिसरे. व्हिडिओ, पुस्तक की वर्ग, हा निर्णय सर्वांत शेवटी येतो. ऑस्ट्रेलियात काम केलेले जॉन बिग्ज यांनी उद्दिष्ट, कृती आणि परीक्षा यांच्या या जुळणीवर १९९० च्या दशकात भर दिला आणि उच्च शिक्षणात ती कल्पना जगभर रुजली.

आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी भारतीय अनुभवातून ‘एलसीएम’ नावाचा आराखडा मांडला. त्याचे चार भाग आहेत : संवादासारखा व्हिडिओ, करून पाहण्याचा सराव, प्रत्येकाच्या पातळीनुसार पुढचे वाचन, आणि विद्यार्थ्यांची आपसांत चर्चा. त्यातली एक साधी युक्ती कोणत्याही शिक्षकाला आजपासून वापरता येईल. व्हिडिओत मध्येच शिक्षक थांबतो, प्रश्न विचारतो आणि सांगतो, ‘व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे जा.’ पुढे लगेच त्या उत्तराची चर्चा येते. याला ते ‘रिफ्लेक्शन स्पॉट’, म्हणजे विचाराचा थांबा, म्हणतात.

हा थांबा का उपयोगी पडतो, याचे उत्तर स्मरणशक्तीच्या संशोधनात सापडते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला न पाहता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहण्यापेक्षा तो बंद करून काय आठवते ते लिहिणे जास्त फायद्याचे.

व्हिडिओच्या लांबीबाबतही माहिती उपलब्ध आहे. ‘एडएक्स’वरील चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख व्हिडिओ-सत्रे तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात दिसले की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. तासाभराच्या तासाचे चित्रीकरण करून ते ‘अपलोड’ करणे म्हणूनच फारसे कामाचे नाही.

पोहरादेवी परिसरातल्या विद्यार्थ्याचे वेगळेपण काय?

कॅनडातील टोनी बेट्स यांचे ‘टीचिंग इन अ डिजिटल एज’ हे मोफत मिळणारे पुस्तक जगभरचे प्राध्यापक वापरतात. तंत्रज्ञान निवडताना विचारायच्या प्रश्नांची एक यादी त्यांनी दिली आहे. वापरायला सोपे आहे का, खर्च किती, शिकवण्याला उपयोग काय, हे प्रश्न त्यात आहेतच. पण यादीतला पहिला घटक आहे ‘विद्यार्थी’. तो कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याच्या घरी काय चालले आहे?

वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातले ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहणारे. मानोरा आणि शेजारच्या दिग्रस, पुसद भागातल्या तांड्यांवरून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा शहरांत बांधकामाच्या मजुरीला जातात. महाविद्यालयाचे सत्र तेव्हा ऐन भरात असते. मुले एक तर आईवडिलांबरोबर जातात, किंवा मागे राहून म्हाताऱ्या आजी-आजोबांचे आणि धाकट्या भावंडांचे पाहतात. दोन्ही बाबतींत सकाळी दहाचा तास हुकतो.

इथेच ई-लर्निंगचा खरा उपयोग आहे. ठरलेल्या वेळी ‘लाइव्ह’ तासाला हजर राहण्याची सक्ती केली, तर वर्गाची अडचण तशीच मोबाइलवर येते. त्याऐवजी धडा उतरवून घेता आला, रात्री ऐकता आला आणि उत्तर आठवड्याभरात कधीही पाठवता आले, तर फडावर गेलेली मुलगीही वर्गाशी जोडलेली राहते. परत आल्यावर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मोबाइलच्या डेटाचे गणित काय?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर स्वस्त डेटामुळे मोबाइल इंटरनेट खेड्यापाड्यांत वेगाने पसरले. पण घरात लॅपटॉप असेल असे धरून आखलेला अभ्यासक्रम आजही तांड्यावर चालत नाही. चौदा इंची पडद्यासाठी केलेली स्लाइड सहा इंची पडद्यावर वाचता येत नाही.

आता हिशेब पाहा. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी डेटा खातो. रोज तीन तासांचे ‘लाइव्ह’ वर्ग झाले तर १,३५० एमबी. दीड जीबीचा रोजचा पॅक जवळपास तिथेच संपतो, आणि तोच फोन भावालाही हवा असतो. याउलट ६४ किलोबिट वेगाचा नुसता आवाज तासाला साधारण २९ एमबी घेतो. म्हणजे आठ मिनिटांचा ऑडिओ चार एमबीहूनही कमी. जोडीला दोन पानांची टिपणे आणि एक आकृती दिली, तरी सगळा धडा एका छायाचित्राच्या किंवा छोट्या क्लिपच्या वजनात बसतो. प्रत्येक विषयाला हे चालणार नाही. रसायनशास्त्राचा प्रयोग डोळ्यांनीच पाहावा लागतो. पण अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी वाङ्मय यांचे बरेच धडे ऑडिओवर उत्तम चालतात.

भाषेचे काय करायचे?

‘स्वयम्’वरचे बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. तांड्यावरची मुलगी घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठीतून शिकते आणि महाविद्यालयात इंग्रजी व्हिडिओसमोर बसते. विषय अवघड की भाषा अवघड, हेच तिला कळत नाही.

आयआयटी मुंबईतल्या कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर एक व्यवहारी तोड काढली. संगणकाची सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ त्यांनी तयार केले. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते, कारण नोकरीत तेच भेटणार. समजावणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्ध्या पडद्यावर पाठ, उरलेल्या अर्ध्यावर विद्यार्थ्याने तेच करून पाहायचे. इंटरनेट नसलेल्या ठिकाणीही हे पाठ वापरता येतात.

गोरमाटीला स्वतःची लिपी नाही; ती आपल्याकडे देवनागरीत लिहितात. सगळा अभ्यासक्रम गोरमाटीत हवा असा आग्रह कोणी धरणार नाही. पण गटचर्चा गोरमाटीत झाली आणि निष्कर्ष मराठीत लिहिला, तर काय बिघडते? विचार करण्याची भाषा आणि उत्तरपत्रिकेची भाषा यांच्यामध्ये एक पायरी असते. ती पायरी आखणीतच धरायला हवी.

प्रत्यक्ष धडा कसा दिसेल?

बी.ए.च्या अर्थशास्त्रातला ‘किमान आधारभूत किंमत’ हा घटक घेऊ. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली. नेहमीच्या पद्धतीत व्याख्या, उद्दिष्टे, फायदे-तोटे असा तास होतो.

आखलेला धडा असा होईल. सोमवारी व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न : ‘सरकारने भाव जाहीर केला, तरी बाजार समितीत त्याहून कमी भावाने माल का विकला जातो? तुमचा अंदाज चार ओळींत लिहा.’ उत्तर चुकले तरी गुण जाणार नाहीत. मंगळवारी आठ मिनिटांचा ऑडिओ, मध्ये दोन थांबे. गुरुवारी वर्गात घरची किंवा शेजाऱ्याची विक्रीची पावती घेऊन यायचे. चौघांच्या गटाने आर्द्रता, प्रत, वाहतूक आणि सरकारी खरेदीची वेळ यांपैकी कोणत्या कारणाने भाव पडला ते शोधायचे. पुढच्या गुरुवारी वही न उघडता तीन प्रश्न. जो ऊसतोडीला गेला आहे, तो पावतीचा फोटो आणि दोन मिनिटांचा आवाज पाठवेल. शिक्षकाने त्याला दोन वाक्यांत उत्तर द्यायचे. या सगळ्यात महागडे असे काही नाही.

इतिहासासाठी तर पोहरादेवीतच साधन आहे. चार मजली संग्रहालयात १३ दालने आहेत. सहल म्हणून फिरून आलेले विद्यार्थी थोडेच शिकतात. एक प्रश्न घेऊन पाठवले तर बरेच शिकतात : ‘बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या तांड्यांचा व्यवसाय का बुडाला?’ रेल्वेचा विस्तार, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९५२ मध्ये त्याचे रद्द होणे हे पुस्तकात मिळेल. आजी-आजोबांच्या आठवणी गोरमाटीत ध्वनिमुद्रित करून त्याच्याशी ताडून पाहता येतील. आपल्या घरातली माहिती पदवीच्या कामाला येते, हे कळणे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मोठा आधार असतो.

विद्यार्थी कुरकुर करतात, मग?

करतातच. हार्वर्डमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राचे काही विद्यार्थी उत्तम वक्त्याचे व्याख्यान ऐकत होते, तर काही स्वतः प्रश्न सोडवत होते. प्रश्न सोडवणारे जास्त शिकले. पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. मेहनत पडली की गोंधळल्यासारखे वाटते, आणि ओघवते व्याख्यान ऐकले की सगळे समजल्याचा भास होतो. म्हणून नुसत्या विद्यार्थी-अभिप्रायावर शिक्षकाचे मोजमाप करणे धोक्याचे.

विद्यार्थ्यांना स्वतः काही करायला लावणाऱ्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. सक्रिय वर्गांत २१.८ टक्के. वर्ष वाया जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा १२ टक्क्यांचा फरक मोठा आहे.

एआयने हे सगळे सोपे होईल का?

तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न वापरलेल्यांपेक्षा त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी आखून दिले होते : थेट उत्तर द्यायचे नाही, खुणावायचे. त्या गटाचे नुकसान जवळपास टळले. तंत्र एकच, आखणी वेगळी आणि परिणामही वेगळा.

अडचण नेमकी कुठे आहे?

साहित्याची तितकीशी टंचाई नाही. ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे ‘ई-ज्ञानकोश’ आहे, आयोगाची ‘ई-पीजी पाठशाला’ आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठीत मात्र पुरेसे नाही, आणि जे आहे ते आपल्या विद्यार्थ्याला जुळवून घ्यायला शिक्षकाला वेळ लागतो.

खरी टंचाई या वेळेची आहे. राज्यात मोठ्या संख्येने प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. धडा आखणे, ऑडिओ तयार करणे, ऊसतोडीवरून आलेल्या उत्तराला उत्तर पाठवणे, हे त्या हिशेबात कुठेच बसत नाही. कायम प्राध्यापकांचा कार्यभारही वर्गातल्या तासांवरच मोजला जातो. टॅब आणि स्मार्ट बोर्ड खरेदीला अंदाजपत्रकात शीर्षक मिळते. आखणीच्या तासांना मिळत नाही. ४० टक्के ऑनलाइनची मुभा शिक्षक कमी करण्यासाठी वापरली गेली, तर १९५६ च्या प्रयोगातल्या मंडळ नसलेल्या गावांची अवस्था आपल्या महाविद्यालयांची होईल : आवाज पोहोचेल, पुढे काही होणार नाही.

उपाय फार दूरचे नाहीत. प्रत्येक ‘स्वयम्’ अभ्यासक्रमामागे महाविद्यालयात एक मार्गदर्शक शिक्षक आणि आठवड्याला एक चर्चेचा तास ठेवता येईल. तो तास कार्यभारात धरता येईल. एका विषयाचे पाच-सहा महाविद्यालयांतले शिक्षक मिळून मराठीत हलके, उतरवून घेता येतील असे धडे करू शकतात. परीक्षा केंद्राला जाण्याची सोय सत्राच्या सुरुवातीलाच ठरवता येईल.

विद्यार्थी आणि पालकांनी काय विचारावे?

महाविद्यालय ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यायला सांगत असेल, तर नाव घालण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. हे श्रेयांक विद्यापीठ नक्की धरणार का? परीक्षा कुठे, कधी, आणि शुल्क किती? धडे मोबाइलवर उतरवून घेता येतात का? अडले तर महाविद्यालयात कोणाला विचारायचे, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल? स्थलांतराच्या महिन्यांत स्वाध्याय उशिरा दिला तर चालेल का? यातल्या एकाचे जरी उत्तर ‘बघू’ असे आले, तर ते लेखी मागावे, आणि तेही पहिल्या स्वाध्यायाची मुदत संपण्याच्या आत.